रज्जु, रज्जुगाहक आणि अशोकाचा राजुक

'रज्जू' हा शब्द उच्चारला की मराठी वाचकाच्या मनात पहिल्याने उभा राहतो तो अंधारात दिसलेला साप. दोरीच्या ठिकाणी सर्प भासावा तसे ब्रह्माच्या ठिकाणी जग भासते, हा वेदान्ताचा दृष्टांत कीर्तन-प्रवचनांतून इतका घासला गेला आहे की, दोरी ही काही बांधण्याची, ओढण्याची वा मोजण्याची वस्तू आहे, याचाच विसर पडावा. वस्तुतः हा दृष्टांतही वेदान्त्यांची खास मालमत्ता नव्हे. आर्यदेव किंवा दिङ्नाग यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या 'हस्तवालप्रकरण' या लहानशा बौद्ध ग्रंथाचा आरंभच दोरी आणि साप यांपासून होतो, आणि तो ग्रंथ शंकराचार्यांहून बराच जुना आहे. परंतु तो वाद येथे आमच्यापुढे नाही. आम्हांला लिहावयाचे आहे ते खऱ्याखुऱ्या दोरीविषयी. ही दोरी प्राचीन भारतात शासनाच्या एका अधिकाऱ्याच्या हातात होती. त्या अधिकाऱ्याला नावही तिच्यावरूनच मिळाले, आणि सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत व स्तंभलेखांत त्याचा पुनःपुन्हा उल्लेख केला.

अशोकाच्या लेखांत हा शब्द 'राजुक', 'रजुक' किंवा 'लजुक' अशा रूपांत येतो. आमच्या अभ्यासवर्गांत तिसऱ्या शिलालेखाचे वाचन होते, तेव्हा हमखास विचारले जाते की, हा 'राजुक' म्हणजे राजाचा माणूस काय? मराठीत लिहिलेल्या कित्येक पुस्तकांतही त्याचा अर्थ 'राजपुरुष', 'प्रांताधिकारी' असा देऊन लेखक पुढे गेलेले आढळतात. शब्दाचे मूळ न पाहता पुढे जाण्याने येथे काय निसटते, ते दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक कथा पाहू. पालि जातकट्ठकथेतील २७६ वे जातक 'कुरुधम्मजातक' या नावाचे आहे. कलिंग देशात दन्तपूर नगरी अवर्षणाने गांजली. कुरुदेशाच्या राजाचा मंगलहत्ती आणला तर पाऊस पडेल, असे लोकांना वाटले. इंदपत्त नगरीहून हत्ती आणला. पाऊस पडला नाही. तेव्हा कुरुराजा ज्या धर्माचे पालन करतो, तो कुरुधर्मच सुवर्णपटावर लिहून आणावा असे ठरले. हा कुरुधर्म म्हणजे दुसरे तिसरे काही नसून पंचशील होय. दूत राजाकडे गेले. राजा म्हणाला, माझ्याकडून शीलाचा भंग झाला असावा अशी मला शंका आहे, माझ्या मातेकडून घ्या. मातेनेही तसेच सांगितले. अशा रीतीने राजा, राजमाता, राणी, उपराजा, पुरोहित, रज्जुगाहक अमात्य, सारथी, श्रेष्ठी, धान्य मापणारा द्रोणमापक, द्वारपाल आणि गणिका अशा अकरा जणांच्या दारी दूत फिरले. प्रत्येकाने आपल्या मनातील एक बारीकशी बोच त्यांना उघड करून सांगितली.

यांतील सहाव्या व्यक्तीशी, रज्जुगाहक अमात्याशी, आमचा संबंध आहे. 'रज्जुगाहक' म्हणजे दोरी धरणारा. तो सांगतो : एके दिवशी आपण जनपदात शेत मोजत होतो. दोरी काठीला बांधली, एक टोक शेतमालकाच्या हाती दिले, दुसरे आपण धरले. दोरी ताणत गेलो तो काठी रोवण्याची जागा नेमकी खेकड्याच्या बिळावर आली. आता काय करावे? काठी बिळात रोवली तर आतला प्राणी मरेल. पुढे सरकवून रोवली तर राजाचे नुकसान होईल. अलीकडे रोवली तर कुटुंबिकाचे, म्हणजे त्या शेतकऱ्याचे नुकसान होईल. बिळात खेकडा असता तर तो दिसला असता, असा विचार करून त्याने काठी बिळातच रोवली, आणि आतून 'किरि' असा आवाज आला. तेव्हापासून आपले पहिले शील भंगले अशी टोचणी त्याला लागली आहे. दूत त्याला म्हणतात, तुमच्या मनात मारण्याची चेतना नव्हती. चेतनेवाचून कर्म होत नाही. आम्हांला तुमच्याकडूनच शील घ्यावयाचे आहे. कथेच्या समोधानात हा रज्जुगाहक म्हणजे कच्चान थेर होय, असे सांगितले आहे.

या कथेकडे केवळ नीतिकथा म्हणून पाहणारांना खेकडाच दिसतो. आम्हांला मात्र त्या खेकड्याइतकीच ती काठी महत्त्वाची वाटते. एका बाजूला राजाचा महसूल, दुसऱ्या बाजूला शेतकऱ्याची जमीन आणि मध्ये वीतभर जागा. दोरीचे टोक कोठे टेकवावयाचे हे ज्याच्या हाती, त्याच्या हाती शेतकऱ्याचे जगणे. जातककाराने राजाचे नुकसान आणि शेतकऱ्याचे नुकसान ही एकाच वाक्यात, एकाच तोलाने मांडली आहेत. राजाच्या हिताला झुकते माप दिलेले नाही. आणखीही एक बारकावा आहे. दोरीचे दुसरे टोक शेतमालकाच्या हातात आहे. मोजणी त्याच्या पाठीमागे होत नाही, त्याच्या हातून होते.

जातकट्ठकथेला आजचे रूप इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास सिंहलद्वीपात मिळाले. तेव्हा ही कथा जशीच्या तशी अशोकपूर्व काळातील आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण त्यातील 'रज्जुगाहक' हा अधिकारी कथाकाराने कल्पनेने निर्माण केलेला नाही, हे अन्य पुराव्यांवरून ठरते. जर्मन पंडित ब्यूलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच शब्दाच्या आधारे अशोकाच्या 'राजुका'चा उलगडा केला. 'रज्जुगाहक' हे पूर्ण नाव, 'रज्जुक' हे त्याचे व्यवहारातील आटोपशीर रूप, असे त्यांचे म्हणणे होते. त्यापूर्वी लासेन आदी विद्वान हा शब्द 'राजन्'पासून काढीत असत.

या व्युत्पत्तीला जे आक्षेप घेतले जातात, त्यांतील मुख्य आक्षेप असा की, गिरनारच्या लेखात 'रा' हे अक्षर दीर्घ आहे. 'रज्जु'पासून शब्द आला असता तर तेथे ऱ्हस्व 'र' हवा होता. हा आक्षेप वरवर सबळ वाटतो, परंतु अशोककालीन ब्राह्मी लिपीची पद्धत ठाऊक असणारांना तो फारसा अडवू शकत नाही. या लिपीत जोडाक्षरातील द्वित्त लिहिण्याची चाल नव्हती. 'ज्ज' हा उच्चार नुसत्या 'ज'नेच दाखविला जाई, आणि द्वित्त गेल्याची भरपाई म्हणून कित्येकदा मागचा स्वर दीर्घ होई. संस्कृत 'वर्ष' शब्दाचे पालीत 'वस्स' होते. गिरनारला त्याच तिसऱ्या लेखात तो 'वास' असा कोरलेला आहे. 'वस्स'चा 'वास' होतो, तर 'रज्जुक'चा 'राजुक' होण्यास अडचण ती कोणती? वायव्येकडील शाहबाजगढी व मानसेहरा येथील खरोष्ठी लेखांत 'रजुक' असेच रूप आहे. कालसी, धौली, जौगड आणि उत्तरेतील स्तंभ यांवर 'लजुक' आढळतो, कारण मगधाकडील बोलीत 'र'चा 'ल' होत असे. तेथे 'राजा' हा शब्दही 'लाजा' असाच येतो.

शंकेला उरलीसुरली जागाही दक्षिणेतील एका लेखाने ठेवलेली नाही. कर्नाटकातील शिवमोग्गा जिल्ह्यात मळवळ्ळी येथे चुटुकुलानंद सातकर्णी या वैजयंतीपूरच्या (बनवासीच्या) राजाचा प्राकृत लेख आहे. हा राजा इसवी सनाच्या सुमारे तिसऱ्या शतकातला. त्याने आपली आज्ञा 'महावल्लभ रज्जुक' या अधिकाऱ्याला उद्देशून दिली आहे. या काळापावेतो जोडाक्षरे लिहिण्याचा प्रघात पडला होता, म्हणून येथे 'ज्ज' स्वच्छ कोरलेला दिसतो. अशोकानंतर सुमारे पाचशे वर्षे, मगधापासून इतक्या दूर, तो अधिकारी आणि त्याची ती दोरी शाबूत आहेत. जैनांच्या कल्पसूत्रातही पावा येथील हस्तिपाल राजाच्या 'रज्जुक-सभे'त महावीरांचे निर्वाण झाल्याचे म्हटले आहे. याकोबी यांनी त्या सभेचा अर्थ लेखकांची कचेरी असा केला. मोजणारा माणूस मोजलेले लिहूनही ठेवतो, तेव्हा दोरीवाल्यांची कचेरी ही पुढे लेखनिकांची कचेरी म्हणून ओळखली जाणे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

मूळ 'रज्जु' शब्द फार जुना आहे. ऋग्वेदात तो घोड्याच्या दोरासाठी येतो. उणादिसूत्रकार त्याची ओढाताण करून 'सृज्' धातूकडे नेतात. तुलनात्मक भाषाशास्त्रज्ञ त्याचे नाते लॅटिन 'रेस्तिस्' (दोरी) आणि लिथुआनियन भाषेतील विणणे या अर्थाच्या धातूशी जोडतात. आमच्या मते दुसरे मत ग्राह्य आहे, कारण दोरी ही मुळात वळलेली, गुंफलेली वस्तू. यज्ञवेदी आखण्याचे जे ग्रंथ, त्यांनाही 'शुल्बसूत्रे' हे नाव दोरीवरूनच मिळाले आहे. 'शुल्ब' म्हणजे दोरीच. पण शुल्बसूत्रांची दोरी वेदीपुरती होती. रज्जुकाची दोरी शेतात उतरली.

कौटिलीय अर्थशास्त्रात 'रज्जु' दोन ठिकाणी लक्ष वेधून घेते. एक, लांबीचे माप म्हणून. दहा दंडांचा एक रज्जु, दोन रज्जूंचा एक परिदेश आणि तीन रज्जूंची निवर्तनाची एक बाजू. शहाण्णव अंगुलांचा एक दंड आणि अंगुल सुमारे पाऊण इंचाचे धरले, तर दंड सहा फुटांचा, रज्जु साठ फुटांचा आणि निवर्तनाची बाजू एकशे ऐंशी फुटांची भरते. या हिशेबाने एक निवर्तन म्हणजे आजचे जवळजवळ तीस गुंठे. वेगवेगळ्या ग्रंथांत निवर्तनाची मापे वेगवेगळी दिलेली आहेत, म्हणून हा आकडा अंदाजाचाच समजावा.

दुसरे, महसुलाच्या बाबींत. 'राष्ट्र' या सदराखाली सीता, भाग, बली, कर अशा उत्पन्नांची यादी देताना कौटिल्य शेवटी 'रज्जु' आणि 'चोररज्जु' ही दोन नावे घेतो. पहिली जमीनमोजणीची पट्टी, दुसरी चोरांच्या बंदोबस्तासाठी गावावर बसविलेली पट्टी. एकच वस्तू, तिने शेत मोजावयाचे आणि तिनेच चोर बांधावयाचा. शासनाच्या हातातील दोरीचे हे दोन्ही उपयोग कौटिल्याने शेजारीशेजारी मांडले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

चंद्रगुप्त मौर्याच्या काळात आलेला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस याचे वर्णन स्ट्रॅबोने उतरून ठेवले आहे. ग्रामीण भागावर नेमलेले काही अधिकारी नद्यांची देखभाल करतात, ईजिप्तमध्ये चालते त्याप्रमाणे जमीन मोजतात, कालव्यांच्या दारांवर लक्ष ठेवतात, कर वसूल करतात, रस्ते बांधवून अंतराचे खांब उभारतात. आणि शिकारी लोकांवर देखरेख करून, योग्यतेप्रमाणे त्यांना बक्षीस व शिक्षा देण्याचा अधिकारही त्यांना असतो, असे तो सांगतो. जमीन मोजणारा अधिकारी बक्षीस आणि शिक्षाही देतो, ही गोष्ट परक्या प्रवाशाच्या नजरेत भरली. ती खरी होती, हे अशोकाच्या चौथ्या स्तंभलेखावरून कळते.

राजुकांचा पहिला उल्लेख तिसऱ्या शिलालेखात येतो. अभिषेकाला बारा वर्षे झाल्यावर, म्हणजे इ. स. पू. २५६ च्या सुमारास, अशोक आज्ञा करतो की, युक्त, राजुक आणि प्रादेशिक यांनी दर पाच वर्षांनी आपापल्या मुलुखात फेरीवर निघावे. आपली नेहमीची कामे करावीत आणि त्याचबरोबर धम्माचा उपदेशही करावा. आईबापांची सेवा, मित्र-आप्तांशी, ब्राह्मण-श्रमणांशी औदार्य, प्राण्यांची अहिंसा, थोडा खर्च आणि थोडा संग्रह, असा तो उपदेश आहे. आंध्रातील येर्रगुडीच्या लघुशिलालेखातही राजुकाला आज्ञा द्यावी आणि त्याने ती जनपदातील लोकांना द्यावी, असे कोरलेले आहे. हा अधिकारी राजधानीत बसणारा नव्हे, तो शेतकऱ्याला रोज दिसणारा सरकारचा चेहरा होता. आपल्या महाराष्ट्रात सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना आठव्या शिलालेखाचा आणि पुढे १९५६ साली नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तिसरा लेख तेथे हाती आलेला नाही. पण ही आज्ञापत्रे मालिकेने कोरली जात, त्यामुळे अपरान्तातील लोकांनीही कधीकाळी 'राजुक' हा शब्द शिळेवर पाहिला असावा, असे मानण्यास आधार आहे.

चौदा वर्षांनंतर, अभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी, अशोक पुन्हा राजुकांकडे वळतो. चौथा स्तंभलेख जवळजवळ सर्वस्वी त्यांच्याविषयी आहे. अनेक लक्ष प्राण्यांवर आपण राजुकांची नेमणूक केली आहे, असे तो म्हणतो. मुळात 'पान' म्हणजे प्राण हा शब्द आहे. त्याचा संबंध पुढे 'जन' शब्दाशी जोडलेला आहे. बक्षीस आणि दंड या बाबतीत आपण त्यांना स्वतंत्र केले, ते एवढ्यासाठी की त्यांनी निर्भयपणे, आत्मविश्वासाने काम करावे आणि जनपदातील लोकांचे हित व सुख साधावे. जाणत्या दाईच्या हाती मूल सोपवून जसा बाप निश्चिंत होतो, तसे आपण राजुकांच्या हाती प्रजा सोपविली आहे, असेही तो सांगतो.

आणि येथेच तो दोन शब्द घालतो, ज्यांवर आम्हांला थोडे थांबावयाचे आहे : 'वियोहाल-समता' आणि 'दंड-समता'. व्यवहारात समता, दंडात समता. ज्या देशातील धर्मशास्त्रांनी पुढे एकाच गुन्ह्याला वर्णपरत्वे वेगळी शिक्षा लिहून ठेवली, त्या देशात इ. स. पू. तिसऱ्या शतकात एका सम्राटाने हे दोन शब्द दगडावर कोरविले. काही अभ्यासक म्हणतात की, येथे समता म्हणजे केवळ निरनिराळ्या प्रांतांतील कार्यपद्धतीचा एकसारखेपणा. वर्णभेद मोडण्याचा हेतू यात वाचू नये. आम्ही हा इशारा दुर्लक्षित करीत नाही. अशोकाने वर्णाचा उल्लेख येथे केलेला नाही हे खरे. पण ज्याने अपवाद लिहिला नाही, त्याच्या तोंडी अपवाद घालण्याचा अधिकारही कोणाला नाही. ही आज्ञा ज्यांना दिली, ते दोरी धरणारे अधिकारी होते. शेताला दोरी लावताना मालकाच्या वर्णाप्रमाणे ती लांब-आखूड होत नाही. मापनाच्या धंद्यात मुरलेल्या माणसाला 'समता' हा शब्द समजावून सांगावा लागत नसावा, असे आम्हांला वाटते. हा आमचा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा.

त्याच लेखाच्या अखेरीस बंधनात पडलेल्या, शिक्षा ठरलेल्या, वधाची आज्ञा झालेल्या माणसांना तीन दिवसांची सवलत दिल्याचे अशोक सांगतो. तेवढ्या अवधीत त्यांच्या नातलगांनी राजुकांची मनधरणी करून जीव वाचविण्याचा प्रयत्न करावा. कोणी नातलग नसेल तर त्याने परलोकासाठी दान करावे किंवा उपवास करावा. अशोकाने देहदंड रद्द केला नाही, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. आपल्याकडील काही उत्साही वक्ते तो रद्द केल्याचे ठोकून देतात. ते चूक आहे. परंतु 'चोररज्जु' वसूल करणाऱ्या राज्यात, ज्याच्या हाती बांधण्याची दोरी, त्याच्याच हातून ती तीन दिवस सैल करविणे, ही तेव्हाच्या राजनीतीत लहान गोष्ट नव्हती.

बांधणाऱ्या दोरीविषयी पालि वाङ्मयात आणखी एक प्रसंग आहे. संयुत्तनिकायाच्या कोसलसंयुत्तात राजा पसेनदीने मोठा जनसमुदाय कैद केल्याचे सांगितले आहे. कोणाला दोरांनी, कोणाला खोड्यांनी, कोणाला साखळ्यांनी बांधले होते. भिक्षूंनी ही वार्ता भगवंतांना सांगितली. तेव्हा लोखंडाचे, लाकडाचे वा बब्बज गवताचे बंधन शहाणे लोक बळकट मानीत नाहीत. धनाची, पुत्रांची, स्त्रियांची आसक्ती हेच खरे बंधन होय, अशा अर्थाचे वचन त्यांनी उच्चारले. बब्बज हे दोर वळण्याचे गवत. धम्मपदातही वादी, चऱ्हाट, दावे अशा बंधनांची नावे घेऊन ती तोडणाऱ्याला ब्राह्मण म्हटले आहे. दोराचे इतके प्रकार नावानिशी ठाऊक असणारा तो समाज गुराढोरांत आणि शेतात वावरणारा होता, हे यावरून सहज कळते.

शेताच्या आखणीशी संघाचा आणखी एक नाजूक संबंध आहे, तो जाता जाता सांगतो. विनयपिटकाच्या महावग्गात असे आहे की, राजगृहाहून दक्षिणागिरीकडे जाताना तथागतांनी मगधातील शेते पाहिली. पट्ट्यापट्ट्यांची, बांधांची, चौकोन आखलेली. भिक्षूंची चीवरे अशी करता येतील काय, असे त्यांनी आनंदाला विचारले आणि आनंदाने त्या आखणीचे तुकडे जोडून चीवर शिवले. आजही भिक्खूच्या चीवरावर ते बांध आणि त्या पट्ट्या दिसतात.

आता आपल्या घरच्या पुराव्याकडे येऊ. नाशिकजवळच्या त्रिरश्मी पर्वतावर, ज्याला लोक पांडवलेणी म्हणतात, तेथील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची दोन आज्ञापत्रे कोरलेली आहेत. पहिले अठराव्या राज्यवर्षाचे, गोवर्धन येथील अमात्य विण्हुपालित याला पाठविलेले. पूर्वी उषवदाताच्या उपभोगात असलेले अपर-कखडी गावचे शेत, दोनशे 'निवतन', त्रिरश्मीवरील प्रव्रजितांना द्यावे, अशी ती आज्ञा. त्या शेतात राजसेवकांनी शिरू नये, त्याला हात लावू नये, मिठासाठी ते खणू नये, अशा सवलतीही लिहून दिल्या आहेत. 'निवतन' म्हणजेच कौटिल्याचे निवर्तन. वरच्या हिशेबाने ही जमीन सुमारे दीडशे एकर होते. एवढे क्षेत्र देताना कोणी तरी दोरी ताणली असलीच पाहिजे. लेखात त्याचे नाव नाही.

सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, दुसरे पत्र निघाले. यात राजाबरोबर राजमातेचेही नाव आहे आणि ते गोवर्धनचा अमात्य सामक याला लिहिलेले आहे. त्यात सरळ कबुली आहे : कखडी गावी पूर्वी दिलेले शेत कसले जात नाही, गावही वसलेले नाही. तेव्हा नगराच्या सीमेवर आमच्या मालकीचे जे राजकीय शेत आहे, त्यातून शंभर निवर्तने या भिक्षूंना द्यावीत. दानाचे ढोल वाजविणारे लेख या देशात हजारो आहेत. आधीचे दान ओसाड निघाले, असे राजाने स्वतःच दगडावर कोरविल्याची उदाहरणे क्वचितच मिळतील. कागदावर दोनशे निवर्तने आणि प्रत्यक्षात पडीक रान, हा अनुभव दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंनाही आला होता. पुढच्या काळात ज्यांनी जमिनीच्या वाटपाचे सरकारी कागद हाती घेऊन पडकी गायराने तुडविली, त्या आपल्या माणसांना हे पत्र वाचून आश्चर्य वाटणार नाही.

मराठीत 'रज्जू' हा शब्द पोथीतच राहिला. शेतकऱ्याच्या तोंडी आला तो दोर, दोरी, दोरखंड. त्याखेरीज प्रत्येक कामाच्या दोराला वेगळे नाव : बैलाच्या हाती धरावयाचा कासरा, गुरे बांधावयाचे दावे आणि ओळीने दाव्यांची दावण (ही दोन्ही नावे संस्कृत 'दामन्'शी नाते सांगतात), मोटेचा जाड नाडा आणि तिची सोंड ओढणारा सोंदूर, काथ्याचा सुंभ, भाराभर लांब चऱ्हाट. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ही म्हण आणि कंटाळवाण्या बोलण्याला चऱ्हाट म्हणण्याची चाल दोर वळणाऱ्यांच्या अंगणातूनच आली आहे. ते अंगण कोणाचे होते? अंबाडी, ताग आणि घायपाताचा वाख काढून दोर वळण्याचे काम गावगाड्यात मातंग समाजाकडे होते. गावच्या प्रत्येक मोटेला नाडा त्यांनी पुरविला आणि त्याबद्दल खळ्यावर बलुते मागितले. मोटेचे पाणी ज्या शेताला गेले, ते शेत मात्र बहुधा त्यांचे नव्हते.

आणि सीमा? गावाची शीव कोठून कोठे जाते, हे सांगणारा गावचा महार. शिवेच्या वादात त्याची साक्ष ग्राह्य धरली जाई. सरकारी अधिकारी आला की वाट दाखवीत पुढे चालणारा तोच. हाडकी-हाडवळ्याच्या तुकड्याच्या बदल्यात त्याला हे सारे राबणे करावे लागे. या वतनाच्या जोखडातून समाज सोडविण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने नष्ट होण्यास मात्र १९५९ साल उजाडावे लागले. त्याच वर्षी आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. शीव ज्यांच्या पायांना पाठ होती, ते त्या शिवेच्या आतली जमीन मागत होते.

इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात दोरीची जागा लोखंडी साखळीने घेतली. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे; एक साखळी लांब-रुंद जागा म्हणजे गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. लोखंड भिजून आखडत नाही आणि ताणून लांबत नाही, एवढी सुधारणा खरी. आज मोजणी करणाऱ्या सरकारी माणसाला 'भूकरमापक' म्हणतात. या नावात दोरी नाही. जातकातील द्रोणमापकाचा 'मापक' तेवढा आहे. तो आता उपग्रहाशी जोडलेले यंत्र घेऊन बांधावर येतो. परंतु हद्दीचा वाद जुना असला म्हणजे भूमी अभिलेखाच्या कचेरीतून जे पिवळे पडलेले टिपण बाहेर काढले जाते, त्यावर लांबी साखळ्या आणि आणे यांतच लिहिलेली असते. ती यंत्राच्या मीटरांत बसवून घेईपर्यंत दोन्ही शेजारी बांधाच्या दोन बाजूंना उभे असतात.